ताई, ती स्टीलची वाटी अजून आमच्याकडेच आहे

ताई,

तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, कारण तुमच्या मोबाईलमध्ये अंगणवाडीच्या नोंदींचं ते पोषण ट्रॅकर ॲप सोडून दुसरं काही उघडायला तुम्हाला वेळ असतो असं मला कधी दिसलं नाही, आणि ते तरी कुठे धड उघडतं, रेंज मिळावी म्हणून तुम्ही अंगणवाडीमागच्या फणसाखाली हात वर करून उभ्या असता हे अख्ख्या वाडीला माहितेय. पण मुलगा दाखवेल तुम्हाला. आणि नाही दाखवलं तरी मला लिहायचंच आहे, ह्यांच्या बदलीची ऑर्डर आलीय, सामान बांधायला काढलंय आणि काल मांडणीच्या मागे तुमची ती वाटी सापडली.

आधी माफी मागते. जून 2023, आम्ही पुण्याहून दापोली तालुक्यात नुकतेच आलेलो, लेक चौदा महिन्यांची, बाहेर असला पाऊस की समोरचं घर दिसत नव्हतं. तुम्ही डोक्यावर प्लास्टिकचं खोळ घेऊन, रजिस्टर पदराखाली धरून दारात उभ्या, म्हणालात मॅडम बाळाचं नाव नोंदवायचंय, वजन करायचंय. मी सेफ्टी डोअरसुद्धा उघडलं नाही. आतूनच म्हणाले, आमचे पुण्याचे डॉक्टर आहेत, आम्हाला काही नको. तुम्ही 'बरं' म्हणून गेलात. चिखलातून. मला तेव्हा काहीच वाटलं नाही ताई, खरं सांगते. अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि गरिबांची पोरं एवढंच माझ्या डोक्यात होतं. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

आमच्या घरात तेव्हा काय चालायचं ते तुम्हाला नंतर कळलं, पण सगळं नाही. लेकीला एकेका जेवणाला दीड तास लागायचा, मोबाईलवर कार्टून लावायचं, तिचं तोंड उघडं राहिलं की घास कोंबायचा. कार्टून बंद की तोंड बंद. पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी रोज फोटो टाकायचं, आमच्या पिल्लाने आज दोन पराठे खाल्ले वगैरे, आणि फोनवर सासूबाई, किती बारीक झालीय गं, दूध आटलं का तुझं? ज्या मोठ्या डॉक्टरांचा मी तुम्हाला तोरा दाखवला त्यांनी शेवटच्या भेटीत दोन मिनिटांत भुकेचं टॉनिक लिहून दिलेलं, पोरीकडे मान वर करून बघितलंही नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मग ऑगस्टमध्ये ते जुलाब. रात्रीपासून सात-आठ वेळा, त्यात उलट्या, हे ऑडिटमध्ये अडकलेले, आणि शेजारच्या काकूंनी मला न विचारताच तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात. जूनचं तोंडावर काढलं नाहीत. ओट्यावर बघितलंत आणि विचारलंत, हे काय केलंस गो? पहिल्यांदा मॅडमचं 'गो' झालं ते तेव्हा. मी ओआरएसचं अर्धं पाकीट एका पेल्यात कालवून पाजत होते, जास्त घट्ट म्हणजे जास्त ताकद असं मला वाटलेलं! तुम्ही तो पेला मोरीत ओतलात. आमची एक लिटरची पाण्याची बाटली मोजायला घेतलीत, उकळून गार केलेलं पाणी, पाकीट अख्खं आणि पाणी अख्खं लिटरभर, म्हणालात घट्ट केलं तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि पोर आणखी सुकतं. उरलं तर उद्या फेकायचं, परवापर्यंत ठेवायचं नाही. आणि चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत चमच्याने, अजून हळू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, मऊभात बंद करायचा नाही. झिंकच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या तुम्ही गावातल्या आशा सेविकेकडून आणून दिल्यात, रोज एक, चौदा दिवस, आणि मला बजावलंत की तीन दिवसांनी जुलाब थांबले म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. मी सोडल्याच असत्या.

पण त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही जाता जाता उंबऱ्यात सांगितलंत. डोळे खोल गेले, लघवी होईना, शीतून रक्त पडलं, काहीच पिईना, नाहीतर पोर मलूल होऊन मान टाकायला लागली तर माझी वाट बघू नकोस, मला फोनपण करत बसू नकोस, सरळ रिक्षा कर आणि दवाखाना गाठ. तशी वेळ आली नाही. पण त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरून न बसता काहीतरी बघत बसले, दर तासाला लघवी झाली का ते बघत. काय बघायचं ते माहीत असलं की भीतीला जरा तरी लगाम बसतो हो.

ती बरी झाल्यावर मी स्वतःहून अंगणवाडीत आले वजन करायला. आल्या आल्या रडायला लागले, माझी पोर कुपोषित आहे का म्हणून. तुम्ही म्हणालात, "आधी मोजू, मग रडू."

8 किलो 600 ग्रॅम. मी परत रडायच्या बेतात, कारण ग्रुपवरची त्याच वयाची एक मुलगी 11 किलोची होती. तुम्ही माझ्याकडे लक्षच न देता तिची लसीकरणाची फाईल मागितलीत, त्यातली सगळी जुनी वजनं शोधलीत, जन्माचं 2.7, पाचव्या महिन्याचं 5.7, वर्षाचं 8, आणि आलेखावर एकेक टिंब दिलंत. टिंबं जोडलीत. दंडाला ती रंगीत पट्टी गुंडाळलीत, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्याच्या वर हिरवा, आमची साडेतेराच्या पुढे. म्हणालात हे बघ, बारीक अंगलोट आहे, बाप कसा आहे बघितलायस ना? एका वजनाने काय कळत नाही, रेघ बघायची. रेघ वर चाललीय तोवर गप बस. आडवी झाली तर मला हाक मार. खाली वळली तर डॉक्टरकडे जाऊ दोघी. ताई, चौदा-पंधरा महिने मी ज्या भुताला घाबरत होते ते तुम्ही पेन्सिलीच्या एका रेघेत बसवलंत. त्या दिवशी घरी येऊन मी तो ग्रुप म्यूट केला, अजून म्यूटच आहे.

त्याच फाईलीत तुम्हाला दिसलं की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर राहिलाय, तो 16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो, बदलीच्या गडबडीत माझ्या डोक्यातूनच गेला असता. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंच्या समोर तुम्हीच तिला मांडीवर घेऊन बसलात कारण मला सुई बघवत नाही.

जेवणाचं मात्र सोपं नव्हतं. तुम्ही आमच्याकडे एक दिवस दुपारी नुसत्या बसून राहिलात, काही बोलला नाहीत, आणि मग विचारलंत दिवसाला दूध किती? मी म्हटलं थोडंच, चार-पाच बाटल्या. तुम्ही बोटं मोजलीत आणि हसलात. एवढं दूध पोटात गेल्यावर भूक लागेल कशी, आणि नुसत्या दुधावर वाढलेल्या पोराचं रक्त कमी पडतं, दुधात लोह जवळपास नाहीच. मग बाटली बंद, दूध पेल्यातून, दिवसभराचं मिळून अर्ध्या लिटरच्या आत. मोबाईलबद्दल तुम्ही लेक्चर दिलं नाहीत, एवढंच म्हणालात की ती जेवते तेव्हा ती इथे नसतेच गो, तिला भाताची चव काय ते ठाऊकच नाहीये अजून. ह्यांनी नंतर कुठेतरी शोधून वाचून दाखवलं की जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, वर्षभराच्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाभराच्या आत, कमी तेवढं बरं. बरोबर असेल, पण मला ते तुमच्या भाताच्या चवीनेच पटलं होतं.

आणि मग दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून ती वाटी आणलीत. छोटी, जाड बुडाची, काठाला एक पोचा आलेली, तुमचा मुलगा त्यात जेवायचा. ताटात आपण सगळे जे खातोय तेच, फक्त तिखटाआधी काढलेलं, वाटीत दोन चमचे, उकड्या तांदळाची पेज आणि वर तूप, कधी कुस्करलेलं अंडं, कधी काटे काढलेली मुडदुशी. जमिनीवर आपल्याबरोबर बसवायचं. वाढायचं काम तुझं, किती खायचं ते तिचं. वीस-पंचवीस मिनिटं, मग वाटी उचलायची, चेहरा वाकडा न करता, आणि पुढच्या खाण्यापर्यंत बिस्कीट नाही.

पहिले तीन दिवस भयंकर गेले. तिने मासा भिंतीला लावला. दुसऱ्या रात्री ती चार घास खाऊन झोपली आणि मी स्वयंपाकघरात बसून हमसून रडले, सासूबाईंना फोनवर कळलं तर त्या म्हणाल्या उपाशी ठेवतेस पोरीला. मी तुम्हाला रात्री साडेनऊला फोन केला, तुम्ही म्हणालात भुकेलं पोर ताटासमोर उपाशी राहत नाही, चांगलं खेळतेय ना, लघवी होतेय ना, मग झोप. दहाव्या-बाराव्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने पेज भुरकली, अर्धी गळ्यावर, अर्धी पोटात, आणि वाटी पुढे केली. अजून. बास, एवढंच. दुधी मात्र अजूनही खात नाही, आणि आता मी त्यावरून भांडत पण नाही.

एक गोष्ट मी फक्त तुम्हालाच सांगितली होती. बाजारात तिने फुग्यासाठी रस्त्यात लोळण घेतली आणि मी सगळ्यांच्या समोर तिला फटका मारला. संध्याकाळी तुमच्याकडे येऊन सांगितलं तर तुम्ही छे छे केलं नाहीत, विचारलंत दुपारी झोपलेली का? नव्हती. जेवलेली? नाही, बाजारातून आल्यावर जेवणार होती. रात्री झोपते कधी? अकराला, बाबांची वाट बघत. मग तुम्ही मोजून दाखवलंत की या वयाला दुपारची धरून अकरा ते चौदा तास झोप लागते आणि आमची जेमतेम नऊ तास झोपतेय. फुगा नव्हताच मुळात, झोप होती. मग ह्यांनी बँकेतून कसंही करून सातला यायला सुरुवात केली, अंघोळ ते घालतात, मग दिवा बारीक, मग तीच ती कावळा-चिमणीची गोष्ट, साडेआठला घोरायला लागते. ह्यांना त्या अंघोळीत जी मजा येते ती बघून मला कधी कधी हेवा वाटतो. आणि तुम्ही हेही सांगितलंत की मारलंस ते चुकलं, तर तिला सॉरी म्हण, लहान आहे म्हणून कळत नाही असं समजू नकोस. म्हटलं मी. तिने माझ्या गालावर चापट मारली आणि हसली. फिटंफाट.

सगळंच तुमचं ऐकलं असं नाही हं. डायपरवरून आपलं कधीच जमलं नाही, कोकणातल्या पावसात दुपटी वाळत नाहीत हे मान्य करायला तुम्ही शेवटपर्यंत तयार झाला नाहीत. पण काजळावरून तुम्ही माझी बाजू घेतलीत, सासूबाई आलेल्या तेव्हा, त्यांना न दुखावता, आजी तीट गालावर लावू की, मोठ्ठी लावू, डोळ्यात कशाला. त्या ऐकतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि तो डिसेंबर. 2023 चा, राज्यभर सेविकांचा संप सुरू झाला, अंगणवाडीला कुलूप. तुम्ही मोर्चाला गेलेलात आणि तिकडून, मागे घोषणा ऐकू येतायत, तुम्ही मला विचारताय खोकला कमी झाला का. तोवर मला माहीतच नव्हतं की तुम्हाला मिळतं त्याला पगार नाही, मानधन म्हणतात. 1975 पासून ही अंगणवाडीची योजना चालू आहे, आणि सहा वर्षांपर्यंतच्या पोरांचं वजन, लस, खाणं, खेळ, शिवाय गरोदर बायांच्या नोंदी, ॲप, सर्व्हे, हे सगळं जिच्या गळ्यात ती म्हणे मानाची धनी. माझ्या पुण्याच्या मैत्रिणी प्लेस्कूलला वर्षाला भरतात त्या आकड्याचा आणि तुमच्या मानधनाचा हिशोब मी एकदा करून बघितला आणि कागद फाडून टाकला.

तीन वर्षांची झाल्यावर तिला तुमच्याकडे घातली तेव्हा बँकेतल्या एका वहिनींनी नाक मुरडलं. मी त्यांना भिंतीवरचा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचा फोटो दाखवला, तुम्ही मला सांगितलेलं तेच सांगितलं, 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी, मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांसाठी काम, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात न्यायची. तुमच्याकडची खेळणी तशीच, शिंपले, गोटे, करवंट्या, आणि चिंचोके वरच्या फळीवर, कारण तीनच्या आतलं कुणी आलं तर नाकात घालतं. लेक आता चिंचोके दहापर्यंत मोजते, सात कायम विसरते.

तर वाटी. परत द्यायला म्हणून मी घासूनपुसून पिशवीत घातली होती, तेवढ्यात ती आली आणि पिशवीतून काढून घेतली, ही माझी आहे म्हणाली. मी म्हटलं ताईंच्या दादाची आहे. ती म्हणाली दादा मोठा झाला, त्याला ताट दे. म्हणून शनिवारी मी तुमच्याकडे ताट घेऊन येतेय ताई, जेवायला थांबणार आहे, मुडदुशी मिळाली तर बघा.