नाव घालून सही

प्रिय अन्या,

परवा तू चिडून फोन ठेवलास आणि मीही मग परत केला नाही, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं, कारण बोलताना आपण दोघं एकमेकांना बोलूच देत नाही. तुझं म्हणणं मला पाठ झालंय. ज्या म्हाताऱ्या चित्रकाराची कॉमिक्स आपण शाळेपासून वाचत आलो, ज्याच्या रेषा बघून आपण वह्या भरल्या, त्यानेच टेबलावर पाटी लावायची की सही ३० डॉलर, ग्रेडिंगला, म्हणजे अंकाची अवस्था तपासून गुण द्यायला कंपनीकडे पाठवणार असाल तर ५०. आणि वर विचारायचं, स्लॅब करणार का, म्हणजे गुण मिळाले की प्लॅस्टिकच्या डबीत सील करून घेणार का? तुला ते झोंबलं. न्यूयॉर्क कॉमिक कॉन या मेळाव्याच्या त्या गर्दीत तू अंक तसाच पिशवीत घातलास आणि रांगेतून निघून गेलास. मी थांबलो होतो, आणि नंतर काय झालं ते तुला सांगायचंच राहून गेलं.

माझ्या पुढे एक जण होता, चाकांची ट्रॉली घेऊन, तीत दोन लांब खोकी, एकाच अंकाच्या वीसेक कॉपी, प्रत्येकीच्या प्लॅस्टिकला चौकोनी खिडकी कापलेली म्हणजे सही बरोबर तिथेच यावी. शेजारी सीजीसी या ग्रेडिंग कंपनीचा साक्षीदार उभा. आजोबा प्रत्येक अंकाआधी रद्दी कागदावर मार्करने एक रेघ ओढून बघायचे, मग सही, मग शाई सुकेपर्यंत अंक जरा तिरका धरून ठेवायचे. दहाव्या की अकराव्या सहीनंतर त्यांनी मार्कर खाली ठेवला आणि डाव्या हाताने उजवा अंगठा दाबत बसले, बोटांचे सांधे सुजलेले होते रे. आणि तो माणूस सगळा वेळ मोबाइलमध्ये. एकदासुद्धा मान वर करून बघितलं नाही त्याने. पैसे मोजले, खोकी बंद केली, गेला.

आता तूच सांग, हा चाहता आहे का? तुला माहितीये साक्षीदार का लागतो ते. सही होताना कंपनीच्या माणसाने डोळ्यांनी बघितली तरच पिवळं लेबल, सिग्नेचर सिरीजचं. घरून सही करून आणलेला अंक पाठवलास तर बहुतेक हिरवं लेबल मिळतं, कारण ती सही खरी कोणाची याची खात्री कोण देणार. म्हणजे त्या टेबलावर आठवण वगैरे काही बनत नव्हतं, माल बनत होता. आणि तो माल पुढे विकला जाईल तेव्हा ज्याच्या हाताने बनला त्याला त्यातला एक सेंटही मिळणार नाही. या लोकांनी बहुतेक सगळं काम दर पानामागे ठरलेल्या पैशांवर केलंय, पात्रं कंपनीची. फ्रीलान्सर, त्यामुळे नोकरीतला आरोग्य विमा नाही, पेन्शन नाही. अडचणीतल्या कॉमिक कलाकारांसाठी २००० सालापासून हीरो इनिशिएटिव्ह नावाची संस्था चालते, अशी संस्था काढावी लागली यातच सगळं आलं.

मला सारखा तो चेक आठवतो. सीगल आणि शूस्टर, क्लीव्हलंडची दोन पोरं, १९३८ साली त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. तो चेक एकूण ४१२ डॉलरचा होता कारण त्यात दुसऱ्या कामाचेही पैसे होते, आणि पैसे उचलायला दोघांनी मागे सह्या केल्या. तोच चेक २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला, तेव्हा दोघंही हयात नव्हते. आणि सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला त्या १० सेंटच्या अंकाची एक कॉपी २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. त्यांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर मिळायला लागले ते १९७५ मध्ये, तेही नील अ‍ॅडम्ससारखे चित्रकार त्यांच्यासाठी भांडले म्हणून. हाच अ‍ॅडम्स पुढे कन्व्हेन्शनला सहीचे पैसे घ्यायचा तर लोक त्याला लोभी म्हणायचे. मला ते फार लागतं.

तुझं एक मात्र मला पटतं. ५० आणि ३० हा फरक. हात तेवढाच चालतो, शाई तेवढीच, मग ग्रेडिंगवाल्याला जास्त का, आणि या कलाकारांनी आपल्याकडे संशयाने का बघायचं. आणि दहा वर्षांचं पोर वाचून वाचून फाटलेला अंक घेऊन आलं तर त्याच्याकडे पैसे मागणं मला कधीच पटणार नाही. अजून एक गोष्ट मला टोचते, स्पायडर-मॅन लिहिणाऱ्या स्टॅन लीची. २०१८ मध्ये, ९५ वर्षांचा असताना, गेला त्याच वर्षी, तो थकलेला माणूस लांबलचक रांगेसमोर सह्या करत बसला होता. सहीला एवढा भाव आला की म्हातारा माणूस खुर्चीतून उठू शकत नाही, मग ते पैसे त्याच्यासाठी की आजूबाजूच्यांसाठी, हे मला अजून सुटलेलं नाही.

पण माझा नंबर आला ना, तेव्हा आजोबांनी माझा अंक हातात घेतला, कणा चुरगळलेला, कोपरा दुमडलेला, आणि पहिलं विचारलं, कोणाच्या नावाने? मला कळलंच नाही. त्यांची मुलगी पैशांचा डबा सांभाळत शेजारी बसली होती, ती म्हणाली, नाव घालून घेतलंत तर पैसे नाहीत. पाटीवर खाली बारीक अक्षरात तेच लिहिलं होतं, आपण दोघांनीही वाचलं नव्हतं. नाव घातलं की विकणाऱ्याला त्या अंकाचा फारसा भाव येत नाही, आणि ठेवणाऱ्याला त्याने काहीच फरक पडत नाही. स्लॅब करणार का हे त्यांनी तुला त्यासाठीच विचारलं होतं, अन्या. तू पुढचं ऐकायला थांबला नाहीस.

मग त्यांनी आतलं सतरावं पान उघडलं, एका चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले हा चेहरा मी असा काढला नव्हता, इंकरने, म्हणजे पेन्सिलच्या रेषांवर शाई फिरवणाऱ्याने, डोळे बदलले, आणि रद्दी कागदावर, त्या मार्करच्या रेघांच्या मधे, मूळचे डोळे काढून दाखवले. दोन रेघा फक्त. मी ३० डॉलर तरीही डब्यात टाकले, मुलगी नको म्हणत होती.

ते यंदा ऑक्टोबरला परत येणार आहेत, पण मुलगी म्हणाली की आता दिवसाला थोड्याच सह्या, डॉक्टरांनी सांगितलंय. तुला सुट्टी मिळत नाही ते मला माहितीये. तो अंक मागे पुठ्ठा लावून नीट पॅक कर आणि माझ्याकडे पाठव, मी रांगेत उभा राहतो. फक्त एवढं कळव की नाव अन्या घालायचं की अनिरुद्ध.

तुझाच,
विनू