एक्स-रेच्या खोलीतल्या विद्यार्थ्यांना शिकवायचं कोणी? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय : क्ष-किरण शाखेच्या पदवी अभ्यासक्रमासाठी त्याच शाखेतले शिक्षक मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयांत क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. सेवेत असतो तर हे पत्र जाहीरपणे लिहिता आलं नसतं, सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे 1979 चे वर्तणूक नियम आडवे आले असते. आता ती अडचण नाही.

बारावी सायन्स करून मुलं-मुली या शाखेत येतात. कोणी बीपीएमटी म्हणजे परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी करतं, कोणी बी.एस्सी. तीन वर्षं अभ्यास, पुढे इंटर्नशिप, आणि हातात विद्यापीठाची पदवी. आईबापांनी जमीन गहाण टाकली नसली तरी सोसायटीचं कर्ज नक्कीच काढलेलं असतं. ही मुलं सकाळी ओपीडी सुरू झाली की एक्स-रेच्या खोलीत हजर होतात. आता त्यांना तिथे शिकवायचं कोणी? रेडिओलॉजीचे प्राध्यापक एमडीच्या विद्यार्थ्यांचे, आणि रिपोर्टिंगचा ढीग त्यांच्याच टेबलावर. रेसिडेंट सोनोग्राफीच्या रांगेत अडकलेले. उरतो टेक्निशियन. बाहेर पेशंटची रांग पोर्चपर्यंत गेलेली असताना तो जमेल तेवढं शिकवतो. हे शिकवणं त्याच्या कामात धरलेलं नाही, त्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद नाही, आणि त्याने एखाद्या दिवशी नाही शिकवलं तर जाब विचारणाराही कोणी नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत 'रेडिओग्राफीचा अधिव्याख्याता' असं पद असलेल्या विभागात मला काम करायला मिळालं नाही.

आपल्याला वाटेल, एक्स-रे काढायचा तर त्यात शिकवायचं ते काय? बटण तर दाबायचं. अहो, छातीचा साधा फोटो घ्या. पेशंटची छाती कॅसेटला, म्हणजे फिल्मच्या चपट्या डब्याला, टेकलेली हवी, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे वळवलेले, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. ट्यूब सहा फुटांवर, नाहीतर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. मग 'श्वास घ्या, धरून ठेवा'. दम्याच्या म्हाताऱ्याला श्वास धरता येत नाही, त्याचा क्षण हेरावा लागतो. टीबीच्या पेशंटच्या फुफ्फुसांची वरची टोकं गळ्याच्या हाडामागे लपली तर डॉक्टरला काहीच कळत नाही. फोटो बिघडला की रिपीट आला, म्हणजे त्याच माणसाला किरणांचा दुसरा डोस. हा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या एका फोटोला साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट, ते फार नाही. पण हाच विद्यार्थी उद्या सीटीवर बसणार आहे, आणि तिथे पोटाच्या एका स्कॅनचा डोस 8 ते 10 मिलिसिव्हर्टच्या घरात जातो. लहान मुलासाठी सेटिंग कमी करायला तो विसरला तर ते फिल्मवर दिसतसुद्धा नाही. उलट चित्र छानच येतं.

आणि पुस्तकात नसलेलं वेगळंच. खेड्यातली बाई फोटोला उभी राहते तेव्हा गळ्यात मंगळसूत्र, त्याला अडकवलेल्या चार सेफ्टी पिना, दंडाला ताईत. हे सगळं फिल्मवर पांढरं उमटतं आणि नेमकं जिथे बघायचं तिथेच. 'मंगळसूत्र काढा' असं खेकसून म्हटलं की बाई रडवेली होते, सासू दारातून भांडायला येते. आमच्या एका सीनियर बाई त्या बाईला म्हणायच्या, "काढू नका ताई, नुसतं वर घेऊन दातात धरा." काम दोन सेकंदांत व्हायचं. हे शिकवणारं माणूस शेजारी उभं असावं लागतं. नसेल तर मुलगी इंटर्नशिप संपेपर्यंत खेकसायलाच शिकते.

आता बॅजबद्दल. किरणांत काम करणाऱ्या प्रत्येकाने छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, लावायचा असतो, लेड अ‍ॅप्रन घातला असेल तर त्याच्या आत. दर तीन महिन्यांनी तो वाचायला जातो आणि त्या माणसाच्या नावावर डोस नोंदला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर जायचं नाही. सोळा ते अठरा वयाच्या प्रशिक्षणार्थीसाठी तर वर्षाला 6 च. आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलांत सतरा-अठराची कितीतरी असतात. असं असताना मी जिथे शेवटची काही वर्षं काढली तिथे विद्यार्थ्यांना बॅज नव्हते. 'ते कर्मचारी नाहीत' असं उत्तर कार्यालयातून मिळायचं. आणि रात्रपाळीला माणूस कमी पडला की पोर्टेबल मशीन घेऊन आयसीयूत जायला हेच विद्यार्थी. तिथे दोन मीटर लांब उभं राहायचं असतं, कारण अंतर दुप्पट केलं की डोस एक चतुर्थांश होतो. हा नियम प्रत्येकाला तोंडपाठ असतो. पण आयसीयूत दोन खाटांमध्ये दोन मीटर जागा असते का, ते एकदा आपण येऊन बघावं. काही ठिकाणी मुलांकडून पेशंट धरून ठेवायचं कामही करून घेतात. अ‍ॅप्रन हँगरला टांगायचा, घडी घालून खुर्चीवर टाकायचा नाही, आतलं शिसं तडकतं, एवढं सांगायलाही तिथे कोणी नसतं.

मग त्या मुलाने तीन वर्षांत किती डोस घेतला? कोणाकडेच उत्तर नाही. तो काम करतो तेव्हा विद्यार्थी असतो आणि बॅज मागतो तेव्हा बाहेरचा.

एमआरआयला किरण नसतात म्हणून तिथे धोका नाही, अशी समजूत आजही आहे. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या पेशंटच्या नातेवाइकाचा जीव गेला. चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन सुरू नसतानाही. आत कोण जातं आणि हातात काय घेऊन जातं, यावर नजर ठेवणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. तो एका स्लाइडवर उरकला जातो.

कायदा नाही असंही नाही. संसदेने 2021 मध्ये सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात आमची शाखा आहे. पदवीधर आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान 3,600 तासांचं शिक्षण हवं, असं त्यात लिहिलेलं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांत अंमलबजावणी करा म्हणून बजावलं. आपल्या राज्याचा 2011 चा परावैद्यक परिषदेचा कायदा त्याच्याही आधीचा. म्हणजे कायदे दोन-दोन झाले, तासही ठरले. पण 3,600 तास मूल एक्स-रेच्या खोलीत उभं राहिलं तर हजेरीपत्रक भरतं, एवढंच. आमच्या खोलीतला वॉर्डबॉयही त्याहून जास्त तास उभा असतो.

जाता जाता एक : सोनोग्राफी शिकवू म्हणून जाहिराती करणाऱ्या खासगी संस्थांना कोणीतरी आवरा. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करू शकतो, टेक्निशियन नाही. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफर पुढे शिकून सोनोग्राफी करतात, ते चित्र दाखवून इथे प्रवेश दिले जातात.

माझी मागणी मोठी नाही. ज्या शासकीय महाविद्यालयांत ही पदवी चालते तिथल्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, रेडिओग्राफीच्या अधिव्याख्यात्याची पदं आणावीत, आणि ती या शाखेत पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, काही वर्षं एक्स-रेच्या खोलीत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांतूनच भरावीत. सुरुवातीला महाविद्यालयामागे एक पद मिळालं तरी फरक पडेल. त्या माणसाला रुग्णसेवेच्या पाळीत धरू नये, एवढी एक अट शासन निर्णयात लिहा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात त्याला कॅज्युअल्टीच्या एक्स-रेला बसवतील. आम्ही बसवलंच असतं, रांग तेवढी असते.

वित्त विभाग खर्चाचं विचारेल. तेव्हा विद्यार्थ्यांची फी कुठे जाते, हे त्यांनाच विचारावं.

पदांच्या फायलीला वेळ लागणार, हे मी जाणून आहे. मी स्वतः एका डार्करूमच्या एक्झॉस्ट फॅनची फाईल इतकी वर्षं फिरताना पाहिली की पंखा मंजूर झाला तेव्हा विभागात डिजिटल मशीन आलं होतं आणि डार्करूममध्ये जुने रेकॉर्ड ठेवले होते. बॅजला मात्र पदनिर्मिती लागत नाही. एक्स-रे, सीटी किंवा कॅथलॅबच्या (अँजिओग्राफीच्या खोलीच्या) पोस्टिंगवर जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे पहिल्या दिवसापासून टीएलडी बॅज, त्याचा खर्च महाविद्यालयाचा, आणि बॅज नसेल तर पोस्टिंग नाही, असं एक परिपत्रक आपल्या विभागातून सर्व अधिष्ठात्यांना गेलं तर पुरे. नवी तुकडी येण्याआधी ते निघावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ

प्रत माहितीसाठी : मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक