अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पुरता द्या

महोदय,

'अमेरिकेत राज्यांना केंद्राचे कामगार-सुरक्षा नियम नाकारता येतात, मग महाराष्ट्राने का अडकून पडावे?' असे एका वाचकाने केंद्राच्या नव्या कामगार संहितांवरील पत्रात विचारले आहे. सारी नोकरी कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर म्हणून केल्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

१९७० च्या कायद्याने अमेरिकेत 'ओशा' ही कामगार-सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा आली. त्याच कायद्याच्या कलम १८ नुसार राज्याला आपल्याकडचे नियम आणि तपासणी स्वतःकडे घेता येते. अट एकच, पण जबर : राज्याचे नियम केंद्राच्या नियमांइतके तरी परिणामकारक हवेत. राज्याची अशी योजना ओशाने मंजूर करायची, तिच्यावर नजर ठेवायची. खर्चाचा निम्म्यापर्यंतचा वाटाही केंद्र उचलते. खासगी उद्योगांसाठी २१ राज्ये आणि पोर्तो रिको अशा योजना चालवतात. ज्या राज्याला हे नको, तिथे थेट ओशाचे निरीक्षक येतात. कारखानदार दोन्हीकडून बांधलेलाच. याला नियम नाकारणे कसे म्हणायचे?

उलट, कॅलिफोर्नियाचे पाहा. १९८७ मध्ये गव्हर्नर डुकमेजियन यांनी पैसे वाचवण्यासाठी खासगी कारखान्यांवरची राज्याची यंत्रणा गुंडाळली आणि काम ओशाकडे गेले. पुढच्याच वर्षी मतदारांनी कौल देऊन ती यंत्रणा परत आणवली. याच राज्याने २००५ मध्ये उन्हात राबणाऱ्या मजुरांना पाणी, सावली आणि विश्रांती देणे सक्तीचे केले. केंद्राला तशा नियमाचा मसुदा काढायला २०२४ उजाडले.

तिथे सारे आलबेल आहे, असेही नाही. नॉर्थ कॅरोलिनात तपासणी राज्याकडेच होती. तिथल्या हॅम्लेट गावी ३ सप्टेंबर १९९१ रोजी कोंबडीचे मांस तयार करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि २५ जण गेले. बाहेर पडायच्या दारांना कुलपे होती. कारखाना ११ वर्षे चालू होता, तेवढ्या काळात सुरक्षा निरीक्षक एकदाही फिरकला नव्हता! कागदावरचे नियम मात्र 'तितकेच परिणामकारक' होते.

आता आपल्याकडे या. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५ खाली कायद्याच्या तरतुदींतून सूट फक्त सार्वजनिक आणीबाणीत आणि एका वेळी तीन महिन्यांपुरती देता येत असे. २०२० मध्ये गुजरातने करोनाचे कारण सांगून त्याच कलमाखाली बारा तासांची पाळी आणि साध्या दराने ओव्हरटाइम आणला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आर्थिक मंदी म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सूट द्यायला आणीबाणीच हवी, अशी अट उरलेली नाही. कलम १२७ प्रमाणे आर्थिक उलाढाल आणि रोजगार वाढावा म्हणून, 'जनहितार्थ', राज्य सरकार नव्या कारखान्यांना संहितेतील कोणत्याही, अगदी सर्व तरतुदींतून सूट देऊ शकते. 'तितकेच परिणामकारक' अशी अट इथे शोधून सापडत नाही. म्हणजे पत्रलेखकाला हवी असलेली मोकळीक अमेरिकेत नाही, आपल्याकडे आहे.

आणि सूट कोणाला, तर नव्या कारखान्याला! तिथे यंत्र नवे, सुपरवायझर नवा, आणि कंत्राटदाराने परवाच आणून पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर उभी केलेली पोरे. बोटे तिथेच जातात.

राज्याला रोजगार हवा, हे मान्य. परवाने, नोंदवह्या, विवरणपत्रे यांतून खुशाल सूट द्या. त्यांतला बराचसा भाग आम्हालाही डोकेदुखीच होता. पण यंत्राचे संरक्षक गार्ड, आगीतून बाहेर पडायच्या वाटा, घातक रसायनांची हाताळणी आणि कामाचे तास यांना कलम १२७ ची सूट लागू करणार नाही, असे महाराष्ट्र सरकारने आताच जाहीर करावे. सूट देणारी प्रत्येक अधिसूचना काढण्यापूर्वी तिचा मसुदा हरकतींसाठी मराठीत प्रसिद्ध करावा. राजपत्र कामगार वाचत नाही, तेव्हा अशी अधिसूचना निघाली की आपल्या दैनिकाने ती ठळक छापावी, ही विनंती.

एक निवृत्त सेफ्टी ऑफिसर, पिंपरी