गेजवरच्या दोन लाल रेघा

फिल्टरवाले काका,

सप्रेम नमस्कार.

बिल त्याच दिवशी चुकतं झालं, आभार मात्र राहूनच गेले. सगळ्या सोसायटीने वाचावं म्हणून हे पत्र उघडच लिहितो आहोत.

पूलचं पाणी दुधाळ झालं की तुमच्या आधीच्या कंत्राटदाराकडे एकच औषध होतं: अजून क्लोरीन, वर मुठीमुठीने तुरटी. खरं तर तुरटी टाकली की पंप बंद. रात्रभर गाळ तळाला बसू द्यायचा आणि सकाळी व्हॅक्यूमने 'वेस्ट'वरून, म्हणजे फिल्टर टाळून गटाराकडे जाणाऱ्या वाटेने, थेट बाहेर काढायचा. त्यांनी तो वाळूच्या फिल्टरमधूनच फिरवला. चिकट गाळ आणि टँकरच्या जड पाण्यातला क्षार मिळून वाळूचे गोळे झाले, आणि पाणी त्यांच्यामधल्या फटींतून न गाळताच परत पूलमध्ये यायला लागलं. तरी बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळू धुणं, रोजचा, नेमाने! थोडी मळलेली वाळूच बारीक कण नीट धरते, हे तुमच्याकडून कळलं. तोवर टँकरचं विकतचं पाणी किती गटारात गेलं, त्याचा हिशोब न केलेलाच बरा.

पंप चालू ठेवून फिल्टरच्या व्हॉल्व्हचं हँडल फिरवायची सवयही त्यांचीच. त्याने व्हॉल्व्हमधली, चाकाच्या आऱ्यांसारखी दिसणारी रबरी गॅस्केट फाटली, हँडल 'फिल्टर'वर असूनही पाणी वेस्ट लाइनने जायला लागलं आणि पातळी उतरली. खापर फुटलं टाइल्सवर. ग्राउटिंगचं कोटेशनसुद्धा आलं होतं!

तुम्ही टाकी उघडलीत, वाळूचा गोळा तळहातावर घेऊन दोन बोटांनी फोडलात आणि काही न बोलता सेक्रेटरींपुढे धरलात. गाळलेलं पाणी परत येतं त्या रिटर्नच्या तोंडाखाली पूलमध्ये वाळू साचलेली पाहून तळाचा लॅटरल, म्हणजे वाळूखालची बारीक फटींची नळी, चिरला असणार हेही ओळखलंत. नवी वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरलीत, म्हणजे वाळूचा मार लॅटरलवर बसत नाही. एवढा धीर कोण धरतो?

पण मनात राहिली ती नेलपॉलिशची बाटली. काम आटोपल्यावर तुम्ही ती खिशातून काढलीत आणि फिल्टरचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर दोन लाल रेघा ओढल्यात, एक ०.८ बारला, दुसरी १.४ ला. काटा वरच्या रेघेला टेकला, म्हणजे वाळू तुंबली, की बॅकवॉश, बाहेर जाणारं पाणी दाखवणारी साइट ग्लास स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे पाणी सरळ दिशेने फिरवून वेस्टला सोडणं. काटा खालच्या रेघेच्याही खाली गेला तर आधी पंपाची बास्केट उघडायची. बदामाची पानं अडकलेली असतात. झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलिन नाही, त्याने रबर फुगतं. "आधी पंप बंद, मग हँडल," हे पूलवरच्या मुलाकडून तीनदा करून घेतलंत, न ओरडता.

विद्या मुठीत ठेवून दर महिन्याला व्हिजिट लावणारे या शहरात पुष्कळ आहेत. तुम्ही तुमचीच पुढची व्हिजिट त्या दोन रेघांनी वाचवलीत. असा माणूस आधी भेटला असता तर, असं मीटिंगमध्ये तिघांनी तरी म्हटलं.

फाटकी गॅस्केट पंपरूममध्ये खिळ्याला टांगून ठेवली आहे. हँडलला हात लावायच्या आधी प्रत्येकाला ती दाखवली जाते.

आपले ऋणी,
सोसायटीची पूल समिती, मुलुंड