नाईलचे सहा खडकाळ टप्पे: इजिप्त आणि कुशबद्दल मित्रास पत्र

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तू विचारलंस, एवढ्या बलाढ्य इजिप्तला दक्षिणेकडचा नूबिया, म्हणजे अस्वानपासून आजच्या उत्तर सुदानपर्यंतचा मुलूख, कायमचा पचवता का आला नाही? आणि नूबियातल्या कुशच्या राजांनी पुढे अख्खा इजिप्त जिंकला, तरी तो शंभर वर्षंसुद्धा त्यांच्या हाती का राहिला नाही? पाठ्यपुस्तकं दुबळे राजे, फितुरी आणि परचक्र यांची नावं घेतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या मते दोन्ही साम्राज्यांचं आयुष्य वाहतुकीने ठरवलं. धान्य कुठून आणायचं, सोनं कुठे न्यायचं आणि मध्ये काय आडवं येतं, या हिशेबात सगळं आलं. म्हणून आधी नदी.

अस्वान ते खार्टूमच्या दरम्यान नाईलच्या पात्रात सहा ठिकाणी कठीण खडक वर आला आहे. नकाशावर त्यांना कॅटरॅक्ट म्हणतात. प्रत्यक्षात ते कित्येक किलोमीटर पसरलेले खडक, भोवरे आणि चिंचोळ्या धारा आहेत. पहिला टप्पा अस्वानला, दुसरा वादी हल्फाजवळ, तिसरा केर्मा या कुशच्या जुन्या शहराच्या अलीकडे, चौथा नापाता या त्यांच्या नंतरच्या राजधानीच्या पुढे आणि सहावा खार्टूमच्या थोडा आधी. एरवी नाईलवरचा प्रवास सोपा. वारा उत्तरेकडून येतो, म्हणून शीड उभारून प्रवाहाच्या उलट दक्षिणेला जायचं आणि परतताना शीड उतरवून नाव प्रवाहावर सोडायची. चौथ्या टप्प्यापाशी मात्र नदी वळून नैर्ऋत्येला वाहते, त्यामुळे वर जाणाऱ्या नावेला प्रवाहही समोरून आणि वाराही समोरून. तिथे दोरखंड लावून माणसांनी नाव ओढायची, नाहीतर माल गाढवांवर लादून वाळवंटातली आडवाट धरायची. शिवाय खडकांवरून नाव पार होते ती पुराच्या दिवसांत, म्हणजे साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. पाणी उतरायच्या आत मोहीम परतली नाही, तर नावा अडकल्याच.

हे सगळ्यात नीट ओळखलं ते सेनुस्रेत तिसरा या राजाने, इ.स.पू. १८७०च्या सुमारास. कारकिर्दीच्या आठव्या वर्षी त्याने पहिल्या टप्प्याच्या खडकांतून जाणारा कालवा मोकळा करवला: १५० हात लांब, २० हात रुंद, १५ हात खोल. त्यांचा हात सुमारे ५२ सेंटीमीटरचा, म्हणजे अंदाजे ७८ मीटर लांब आणि साडेदहा मीटर रुंद. ही मापं अस्वानजवळच्या सेहेल बेटावर दगडात कोरलेली आहेत. असा कालवा एकदा खोदून भागत नाही, कारण दर पुरात दगडगोटे येऊन तो बुजतो. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी थुतमोस पहिला आला, तेव्हा तो दगडांनी भरलेलाच सापडला. थुतमोस तिसऱ्याने शेवटी अस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावरच्या कोळ्यांवर तो दरवर्षी उपसण्याची सक्ती घातली. साम्राज्य टिकणं म्हणजे काय, हे त्या एका हुकमात जेवढं स्पष्ट दिसतं, तेवढं विजयस्तंभांत दिसत नाही.

दुसऱ्या टप्प्याभोवती त्यांनी किल्ल्यांची साखळीच उभारली: बुहेन, मिर्गिसा, आस्कुत, शालफाक, उरोनार्ती, सेमना आणि समोरच्या काठावर कुम्मा. बुहेनची मुख्य भिंत पाच मीटरच्या आसपास जाड आणि दहा मीटरच्या आसपास उंच, सगळी कच्च्या विटांची. एवढी जाड भिंत आतून वाळत नाही आणि सुकताना तडकते, म्हणून विटांच्या थरांमध्ये मधूनमधून लव्हाळ्याच्या चटया आणि लाकडी ओंडके घालत. मिर्गिसाला नावा खडक टाळून जमिनीवरून नेण्याची घसरवाट सापडली. जमिनीत आडवे ओंडके पुरायचे, त्यावर गाळाच्या चिखलाचा थर द्यायचा, तो पाणी मारून निसरडा ठेवायचा आणि नाव ओढायची. तरीही वेळ चुकली की पंचाईत होई. सेनुस्रेतच्याच १९व्या वर्षाची नोंद सांगते की कुशच्या मोहिमेवरून परतताना पाणी कमी झालं होतं आणि नावा पार करणं कठीण गेलं.

सेमनाला त्याने सीमा ठरवली. तिथल्या शिलालेखाचा आदेश असा, की कोणाही नूबियनाने ही हद्द ओलांडून उत्तरेला यायचं नाही, ना नावेने ना पायी. अपवाद फक्त इकेनला, म्हणजे मिर्गिसाला, व्यापारासाठी येणाऱ्यांचा आणि दूतांचा. पहारा किती बारीक होता हे सेमनाहून आलेल्या टपालावरून कळतं: गस्तीला ३२ माणसं आणि ३ गाढवं यांच्या पावलांचा माग लागला, एवढंही वर कळवलं जाई. उरोनार्तीला शिपायांच्या शिध्याच्या लाकडी पट्ट्या मिळाल्या आहेत. त्या पावाच्या आकाराच्या आहेत आणि त्यांवर किती पाव द्यायचे ते लिहिलेलं आहे. त्या पावाचं बरंचसं धान्य उत्तरेकडून येत होतं. उत्तरेतली सत्ता ढिली पडताच शिबंदी तिथेच राहिली आणि हळूहळू कुशच्या राजाची चाकरी करू लागली. बुहेनच्या एका अधिकाऱ्याने तसं स्वतःच कोरून ठेवलं आहे.

तो कुशचा राजा केर्माचा. केर्मा हे काही इजिप्तचं ठाणं नव्हतं, तरी तिथे प्रथम उत्खनन करणाऱ्या जॉर्ज राइझनरने १९१३ नंतर तसंच मानलं. एवढं मोठं शहर नूबियन लोकांचं असेल हे त्या काळच्या विद्वानांना पटत नव्हतं, आणि या चुकीने पन्नास वर्षं इतिहास वाकडा झाला. पुढे शार्ल बॉने आणि त्यांच्या स्विस पथकाने ते शहर नूबियन असल्याचं कित्येक दशकं खणून दाखवलं. तिथली कच्च्या विटांची देफुफा नावाची देवळाची वास्तू आजही १८ मीटर उंच उभी आहे. राजांच्या मातीच्या गोल थडग्यांचा व्यास ९० मीटरपर्यंत जातो, आणि एका थडग्यासमोर तर गुरांच्या हजारो कवट्या अर्धवर्तुळात मांडलेल्या सापडल्या. इ.स.पू. १६५० ते १५५०च्या दरम्यान उत्तरेत हिक्सोस, म्हणजे मूळचे आशियातले राजे, आणि दक्षिणेत केर्मा असा इजिप्त दोन बाजूंनी चेपला गेला होता. हिक्सोस राजा अपेपीचा जासूद वाळवंटाच्या वाटेने कुशच्या राजाकडे पत्र घेऊन निघाला, तो थेब्सच्या कामोस राजाच्या माणसांनी पकडला. त्या पत्रात इजिप्त आपसांत वाटून घेण्याची गोष्ट होती. त्यामुळे इजिप्तने पुढे नूबियावर जे केलं, त्यात भीतीचाही वाटा होता.

इ.स.पू. १५००च्या आसपास थुतमोस पहिल्याने तिसरा टप्पा ओलांडला आणि नूबियन सरदाराचं प्रेत नावेच्या नाळेला उलटं टांगून तो घरी परतला. त्याच्या नातवाने, थुतमोस तिसऱ्याने, सत्ता चौथ्या टप्प्याजवळच्या जेबेल बर्कलपर्यंत नेली. नूबियाचा कारभार सुभेदार बघत असे; त्या हुद्द्याला पुढे ‘कुशचा राजपुत्र’ म्हणू लागले. सोन्याचा ओघ किती होता बघ: थुतमोस तिसऱ्याच्या ४१व्या वर्षी एकट्या वावात प्रांतातून, म्हणजे उत्तर नूबियातून, ३,१४४ देबेन सोनं आलं. देबेन ९१ ग्रॅमचा धरला, तर २८६ किलो होतं.

ते काढायचं कसं, यातच पुढचं सगळं आहे. सोनं गारगोटीच्या शिरांत असतं. शिरेवर आग पेटवून दगड तडकवायचा, हातोड्याने फोडायचा, जात्यावर पीठ होईपर्यंत दळायचा आणि उतरत्या फळीवर पाणी सोडून हलकी भुकटी वाहून जाऊ द्यायची. जड सोनं खाली राहतं. म्हणजे लागतं ते लाकूड आणि पाणी, आणि खाणी तर वाळवंटात. कुबानच्या शिलालेखात लिहिलं आहे की अकुयातीच्या खाणींकडे निघालेल्या सोनं धुणाऱ्यांपैकी निम्मेच पोचत. बाकीचे गाढवांसकट तहानेने वाटेत मरत. सेती पहिल्याने तिथे १२० हात खोल विहीर खणली आणि पाणी न लागल्याने सोडून दिली. रामसेस दुसऱ्याच्या काळी, शिलालेखाप्रमाणे, १२ हातांवर पाणी लागलं. इतका खटाटोप परवडतो कधी? सहज सापडणारं सोनं शिल्लक असेल आणि उत्तरेत धान्य पुरेसं असेल तेव्हाच. रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी राजाची थडगी खोदणाऱ्या कारागिरांनाच शिधा वेळेवर मिळेना. ते काम टाकून देवळाशी जाऊन बसले. जगातला हा पहिला नोंदलेला संप. पुढे धान्याचे भाव चढत गेले. रामसेस अकराव्याच्या वेळी सुभेदार पनेहसी नूबियन फौज घेऊन थेब्सला आला आणि बंडखोर ठरला. तेव्हापासून, म्हणजे इ.स.पू. १०७०च्या सुमारापासून, नूबिया हातचा गेला तो गेलाच.

त्यानंतर तीन-साडेतीन शतकांनी चाक उलटं फिरलं. जेबेल बर्कलचं आमोनचं देऊळ इजिप्तने बांधलं होतं, पण आता त्याचे खरे राखणदार आपण, असं नापाताचे राजे मानू लागले. त्यांच्यातल्या पिये राजाने इजिप्त जिंकला; त्या मोहिमेचा शिलालेख १५९ ओळींचा आहे, आणि प्राचीन जगात इतका जिवंत मजकूर मला दुसरा माहीत नाही. हर्मोपोलिस शरण आल्यावर पिये तबेल्यात जातो, वेढ्यात उपाशी पडलेले घोडे बघतो आणि माणसांपेक्षा घोड्यांच्या हालांवरून निमलोत राजावर संतापतो. मेम्फिसला पुराचं पाणी तटाला भिडलेलं होतं आणि नावा घरांना बांधलेल्या होत्या. शिड्या आणि मोर्चांच्या गोष्टी करणाऱ्या सरदारांना बाजूला सारून त्याने बंदरातल्या सगळ्या नावा ताब्यात घेतल्या आणि पाण्याच्या बाजूनेच शहर घेतलं. नदी वाचता येणारा सेनापती!

आणि मग तो नावा भरून नापाताला परत गेला. माझ्या लेखी कुशची सगळ्यात मोठी गफलत हीच. डेल्टातल्या छोट्या राजांना त्याने जागेवरच ठेवलं. नापाता ते मेम्फिस नदीने सुमारे २,००० किलोमीटर, मध्ये तीन खडकाळ टप्पे. नंतरच्या राजांनी मेम्फिसला ठाण मांडलं, तहारकाने कर्नाकपर्यंत बांधकामं केली, पण माणूसबळ आणि घोडे मागूनच यायचे. इ.स.पू. ६७१ मध्ये अस्सिरियाचा एसारहद्दोन अरबांच्या उंटांवरून पाणी नेत सिनाई ओलांडून आला आणि मेम्फिस पडलं. तहारका दक्षिणेला हटला. त्याच्यानंतर तनुतामानीने एक जोरकस प्रयत्न केला, पण इ.स.पू. ६६३ च्या आसपास अशुरबनिपालच्या सैन्याने थेब्स लुटलं. इ.स.पू. ५९३ मध्ये इजिप्तचा प्साम्तिक दुसरा थेट कुशमध्ये घुसला. त्याच्या ग्रीक भाडोत्री शिपायांनी अबू सिंबेलच्या पुतळ्याच्या पायावर कोरलेली नावं अजून वाचता येतात. केर्माजवळ दुक्की गेलला कुशच्या राजांचे सात फोडलेले पुतळे २००३ मध्ये एका खड्ड्यात सापडले. त्यांचा संबंध बहुतेक अभ्यासक याच स्वारीशी जोडतात.

सहसा इथे पुस्तकं कुशला निरोप देतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे राज्य यानंतर आणखी नऊशे वर्षं टिकलं. त्याने भार दक्षिणेला, मेरोईकडे सरकवला. तिथे थोडा का होईना पाऊस पडतो. आपल्या ज्वारीचं मूळ घर हाच पूर्व सुदान. कसाला भागात इ.स.पू. ३०००च्या आधीच्या मडक्यांत तिच्या दाण्यांचे ठसे मिळाले आहेत. आता पोट पुरावर आणि उत्तरेच्या धान्यावर अवलंबून नव्हतं. पावसाचं पाणी साठवायला मातीचा बांध घातलेली गोल तळी, हाफिर, बांधली. मुसव्वरातचं मोठं हाफिर सुमारे २५० मीटर व्यासाचं आहे.

लोखंडाचंही तसंच. मेरोईभोवती लोखंड गाळताना निघालेल्या मळीचे प्रचंड ढिगारे आहेत. खनिज जवळच्या टेकड्यांतून यायचं, कोळसा प्रामुख्याने बाभळीचा. भट्टीत भात्याने हवा मारायची, मळ वितळून खाली वाहायचा आणि उरलेला लोखंडाचा गोळा ठोकून घट्ट करायचा. झाडं तोडून तोडून मेरोई बुडालं, असं अनेक ठिकाणी वाचशील. मला ते पटत नाही. कोळशाच्या अवशेषांत शतकानुशतकं बाभूळच मुख्य राहते आणि लोखंड गाळणं राज्य संपल्यावरही काही काळ चालू होतं. जंगल संपलं असतं तर लाकडाची जात बदलली असती.

रोमलाही हे राज्य गिळता आलं नाही. इ.स.पू. २५च्या सुमारास कुशच्या फौजेने अस्वान, एलेफंटाइन आणि फिलाई लुटून ऑगस्टसचे पुतळे नेले. त्यातलं बहुधा एक ब्राँझचं शिर मेरोईच्या एका देवळाच्या पायरीखाली १९१० मध्ये निघालं. येणाराजाणारा त्यावर पाय देऊनच आत जाई. इजिप्तचा रोमन सुभेदार पेट्रोनियस याने नापातापर्यंत धडक मारली खरी, पण शेवटी सामोस बेटावर तह झाला आणि ऑगस्टसने लादलेला करही माफ केला.

मग बुडालं कशाने? व्यापार नदी सोडून समुद्राकडे गेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत लिहिलं आहे की नाईलपलीकडचा सगळा हस्तिदंत आजच्या इथिओपियातल्या अक्सुमला गोळा होतो आणि तिथून तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरात उतरतो. त्याच मार्गदर्शिकेत आपलं सोपारा आणि कल्याणही आहे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली आणि भारतीय सागाचं लाकूडही मिळालं. जहाजांनी जोडलेल्या या जगात सहा टप्पे ओलांडून माल नेणं कोणाला परवडणार? त्यात तिसऱ्या शतकात रोमन इजिप्तच खंगला. २९८ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने सरहद्द मागे फिलाईला घेतली. नदीवरचं गिऱ्हाईक गेलं आणि राजाची जकातही गेली. सन ३५०च्या सुमारास अक्सुमचा राजा एझाना चालून आला, तेव्हा त्या मुलखात नोबा लोक पसरले होते. विटांची आणि गवताची अशी दोन्ही प्रकारची गावं जाळली, धान्याचा आणि कापसाचा साठा नष्ट केला, असं त्याचा लेख सांगतो.

डिसेंबरात तू अस्वानला जाणारच आहेस, तर क्रूझवाल्यांच्या यादीत नसलं तरी होडी करून सेहेल बेटावर जा; कालव्याचे ते लेख तिथेच आहेत. नूबियन संग्रहालयाला निदान अर्धा दिवस दे. दुसऱ्या टप्प्याचे बहुतेक किल्ले धरणाच्या जलाशयाखाली गेले. शालफाक आणि उरोनार्ती तेवढे पाण्याबाहेर आहेत, पण ते सुदानात, आणि २०२३ पासूनच्या युद्धामुळे तिकडे सध्या जाता येणार नाही. खार्टूमचं राष्ट्रीय संग्रहालय त्या युद्धात लुटलं गेलं. तिथल्या वस्तू परदेशी बाजारात येण्याची भीती आहे, म्हणून कैरोत किंवा अस्वानात कोणी जुनी नूबियन मूर्ती, मणी, काही दाखवलं, तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नकोस.

पियेच्या शिलालेखाचा संपूर्ण अनुवाद हवा असेल तर कळव, पाठवून देईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश