सायकलवाला पदपथावर का चढतो?

संपादक महोदय,

पदपथावरून सायकल चालवणाऱ्यांविषयी पणजीत बरीच कुरबूर ऐकू येते. ती रास्तच आहे. आणि त्या चालवणाऱ्यांत मीही मोडतो, हे आधीच सांगितलेले बरे.

ताळगावाहून पणजीला मी सायकलने कामाला जातो. वाटेत एका रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी म्हणून पट्टा रंगवलेला आहे. सकाळी नऊनंतर त्यावर चारचाकी उभ्या असतात. जिथे त्या नसतात तिथे गटाराची लोखंडी जाळी येते, आणि तिच्या सळया रस्त्याच्याच दिशेने बसवलेल्या असल्यामुळे सायकलचे अरुंद चाक नेमके फटीत जाते. गेल्या पावसाळ्यात माझे पुढचे चाक असेच अडकले, रिम वाकली आणि कोपर सोलून निघाले. पुढे वळणावर हा पट्टा विजेच्या खांबापाशी संपतो. तिथून सायकलवाल्याने कुठे जायचे, हे आराखडा करणाऱ्यालाच ठाऊक. मागून बसचा हॉर्न वाजतो आणि मी पदपथावर चढतो.

तिथे परवा बाजाराची पिशवी घेतलेल्या एका आजींनी मला अडवले. "आरे बाबा, आमकां चलपाक तरी जागो दवर," असे त्या म्हणाल्या आणि मी निमूटपणे उतरलो. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची निर्वेध जागा असावी, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. इथे मात्र खांब, कुंड्या आणि उभ्या केलेल्या स्कूटर वजा जाता समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला अंग चोरावे लागते. त्यात माझी सायकल.

रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी व्हावा, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात २००६ पासून लिहिलेले आहे, आणि पणजीची स्मार्ट सिटी योजनेसाठी निवड होऊनही (२०१६) बराच काळ लोटला. तरी सायकल म्हणजे रविवारी हेल्मेट घालून मिरामारला फेरी मारणाऱ्यांची हौस, अशीच समजूत दिसते. पहाटे भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर त्या हिशेबात धरलेलाच नाही. मागच्या भरल्या टोपलीमुळे त्याला पदपथावरही चढता येत नाही. तो बस आणि उभ्या गाड्या यांच्या मधूनच वाट काढतो.

रंगाने गाड्या अडत नाहीत, त्यासाठी पट्ट्याच्या कडेला काँक्रीटचा उंचवटाच हवा आणि तो पट्टा चौकातही तुटता कामा नये. याला निधी आणि वेळ लागेल, हे मान्य. जाळ्यांचे तसे नाही. पावसाळ्यापूर्वी गटारे उपसताना त्या उचलाव्याच लागतात. तेव्हा चौरस जाळ्या नुसत्या फिरवून बसवाव्यात आणि लांबट जाळ्यांवर चार आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्याव्यात. पाणी तेवढेच वाहून जाईल.

— एक वाचक, ताळगाव