पालखी कोणत्या दारी थांबत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिमगा जवळ आला की वृत्तपत्रांत पालख्यांची छायाचित्रे, चाकरमान्यांच्या जादा गाड्या आणि सहाणेवरची (पालखी ठेवायच्या जागेवरची) गर्दी यांच्या बातम्या सुरू होतात. त्या याव्यातच, ग्रामदेवतेची पालखी दारात येण्याचे कौतुक आमच्याकडे कोकणात दिवाळीलाही नाही. पण पालखी ज्या दारावरून न थांबता पुढे नेली जाते, त्या वाळीत टाकलेल्या घराबद्दल कोणी लिहीत नाही.

वाळीत पडायला फार मोठे काही करावे लागत नाही. गावकीने, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीने, ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध ग्रामपंचायतीला अर्ज भरला, जमिनीचा वाद कोर्टात नेला, मुलीने जातीबाहेर लग्न केले किंवा वर्गणीचा हिशोब मागितला, एवढे पुरते. (हिशोब सर्वांत जास्त झोंबतो, असे माझे मत.) मग बैठक बसते, दंड ठरतो. तो भरला नाही तर लावणीला माणूस मिळत नाही, गणपतीच्या आरतीला कोणी फिरकत नाही, मर्तिकाला खांदेकरी बाहेरगावाहून आणावे लागतात. लेखी काहीच नसते. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून नाव काढले की निरोप पोहोचतो. आणि हे सगळे गावातले अडाणी म्हातारे करतात असे समजू नये. पुष्कळदा निर्णय गावच्या चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळात होतो. तिथे बसणारे शिकलेले, नोकरदार असतात, आणि शेजारी कोणत्या जातीचा हे त्यांना चाळीत किंवा सोसायटीत विचारावेसे वाटत नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्यानंतर तीनच वर्षांनी गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत डॉ. आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे मांडले होते. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयात १९६२ मध्ये रद्द झाला. पुढचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. मधली पन्नासहून अधिक वर्षे वाळीत पडलेल्या माणसाने जायचे कुठे? ज्या रायगड जिल्ह्यात महाड आहे, तिथल्याच बहिष्काराच्या तक्रारी या कायद्याआधी वारंवार गाजत होत्या.

बौद्धवाड्यांचे दुखणे वेगळे आहे. १९५६ नंतर अनेकांनी गावकीची कामे आणि देवाचे मान स्वतःहून सोडले. त्यांना पालखी नको आहे. वाडीपर्यंतचा रस्ता आणि स्मशानाला जागा हवी आहे.

आजच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कागदावर पुरेसे आहे. अडते ते पुढे. फिर्याद देणाऱ्याला उद्या त्याच वाडीत राहायचे असते, पोलीस पाटील बऱ्याचदा त्याच गावकीचा असतो आणि साक्षीला यायचे तर साक्षीदारालाही वाळीत पडायची तयारी ठेवावी लागते. म्हणून बहुतेक प्रकरणे ‘गावातच मिटवा’ म्हणून परत पाठवली जातात. मिटवायचे म्हणजे वाळीत पडलेल्याने सहाणेवर नारळ ठेवून माफी मागायची. ही पद्धत चुकीची आहे, आणि परंपरा म्हणून तिचे समर्थन करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पालखी नाचवणे ही परंपरा. शेजाऱ्याचे पाणी तोडणे कधीपासून देवाचे काम झाले?

शिमग्याआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मानाच्या वादांमुळे मानकऱ्यांना तिथे बोलावलेच जाते. त्याच बैठकीत तहसीलदारांनी प्रत्येक गावाकडून लेखी घ्यावे की पालखी कोणकोणत्या घरी जाणार आणि कोणत्या घरी नाही. ज्या घरी जाणार नाही त्या घरच्या माणसाला कारण विचारायला मानकऱ्यांना सोबत न घेता जावे. बहिष्काराची तक्रार कोणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मुंबईतल्या मंडळांच्या कार्यालयांतही लावावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, जादा निधीही नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, गुहागर तालुका